गढूळ बादली

“ती चिखलाची दोरी माझ्या अंघोळीच्या बादलीत पुन्हा दिसली, तर बघ,” असं अप्पा लेकीला बोलून गेले, आणि ती दरीत अडकलेल्या ट्रेकरांना सोडवायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचा फोन लागेना. वाचनालयात एकच पान पुन्हापुन्हा वाचून अप्पा घरी परतले.

न्हाणीघरात त्यांच्याच बादलीत, गढूळ पाण्यात, तिची कडे उतरायची लाल दोरी भिजत होती. अप्पांच्या जिवात जीव आला. बाह्या वर सारून ते पाटावर बसले आणि दोरीतला चिखल काढू लागले.

“अप्पा, राहू द्या. बादली घासून ठेवणार होते मी,” दारातून लेक म्हणाली.

“तू जेवून घे आधी,” ते मान वर न करता म्हणाले. “आणि ही सावलीतच वाळवायची ना?”