फोटोत एक पोर कमी
उसाला लागून असलेल्या अंगणवाडीत पोरं खिचडी खायला बसली, तोच वरच्या ऑफिसातल्या पर्यवेक्षिका मॅडमचा फोन आला. आत रेंज तुटत होती, मदतनिसाची जागा कधीची रिकामी होती, म्हणून सेविका शालनताई आपला फोन घेऊन एकटीच बाहेर गेली. "जेवणाचा फोटो अजून आला नाही," मॅडम म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता पाठवा." ताईनं धावत आत येऊन फोटो काढला, बाहेर जाऊन पाठवला आणि परतल्यावर तिला हमदानची भरलेली ताटली दिसली. हमदान नव्हता. त्याच उसात बिबट्यानं परवा कालवड ओढून नेली होती. ताईच्या हाकेनं शेजारच्या वावरात कांदा काढणारी त्याची आई अनवरी धावली, माणसं थाळ्या बडवत उसात शिरली. पोरगा आतल्या सरीत निवांत माती उकरत बसला होता. त्याला कडेवर घेऊन अंगणवाडीच्या दाराशी येताच अनवरी कडाडली, "ताई, पोरं सांभाळायची सोडून सारखा फोन कशापायी?" ताईला रडू आवरेना. तेवढ्यात तिच्या हातातला फोन पुन्हा वाजला. अनवरीनं तो हिसकून कानाला लावला. "अहो, फोटोत एक मूल कमी दिसतंय," मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांना बसवून परत काढा." अनवरी म्हणाली, "ते पोर माझं हाय. आत्ता उसातनं काढलंय. फोटो पायजे तर तुमी इथं येऊन पोरांपाशी बसा, मंग ताई काढतील." तिनं फोन बंद केला, पण ताईला दिला नाही, ओढणीत गुंडाळून कमरेला खोचला. "पोरं घरी गेल्याबिगर ह्यो मिळायचा न्हाई," म्हणत ती दारातच बसली.