आरशावरची ओढणी

विश्वेशने लाल ओढणी व्हॅनच्या आतल्या आरशाला बांधली. मीटिंगला अजून वेळ होता, पण आधी बांधून ठेवली की त्याला बरं वाटे. ओढणी त्याच्या बायकोची, चारुताची. नियमही तिचाच. आरशावर ओढणी असेल तोवर गाडीत कुणी आवाज करायचा नाही. चारुताला जाऊन वर्ष होत आलं होतं. नियम चालू होता.

व्हॅन शिरोड्याला सासूबाईंच्या घरापुढे खळ्यात उभी होती. विमलाबाई चहा घेऊन दाराशी आल्या. त्यांनी ओढणीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"काय ठरवलात, जावयबापू?"

"मीटिंग झाली की बोलू, आई."

"काल पण ह्याच म्हणालात. तुमी खंय व्हया थंय फिरा, कंपनी चालवा. मी आड येवचंय नाय. पण चेडवाक हय ठेवा. शाळेत घालूया." त्यांनी कप पुढे केला. "एवढासा पोर, कुजबुजता हो. काल माका पाणी मागल्यान, तां पण कानात."

"सवय झालीय तिला."

"ताच सांगतंय मी."

विश्वेशने कप हातात घेतला, पण प्याला नाही. "आई, रिया नसली तर या गाडीत मी एकटा काय करू?"

 विमलाबाई परत घरात गेल्या. समोर किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणं चाललं होतं. रिया सकाळपासून तिथेच होती, मासे बघत.

व्हॅनमध्ये लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली. सगळ्या कंपनीची होती. कोण पुण्याहून, कोण नाशिकहून, कोण आपल्या गावाहून. पुण्याचं ऑफिस सांभाळणारी दीपिका सगळ्यांची ओळख करून देत होती. नव्याने लागलेल्या धनेशने हात वर केला.

"सर, मलाही गावी राहून काम करायचंय. बायको म्हणते, तुला नाही जमणार. तुमचं मुलीला घेऊन, फिरत फिरत, कसं जमतं?"

हा प्रश्न विश्वेशला नवा नव्हता.

"ठरवलं की जमतं," तो म्हणाला. "मी दिवसभर तिच्याजवळ असतो. ऑफिसात जाणाऱ्या किती बापांना असं म्हणता येईल?"

तेवढ्यात मागचं दार हळूच सरकलं. रिया आत आली. तिने आधी आरशाकडे पाहिलं. मग आवाज न करता दार लावून घेतलं आणि मागच्या गादीवर पाय पोटाशी घेऊन बसली. विश्वेशच्या खांद्यामागे ती पडद्यावर सगळ्यांना दिसत होती. दीपिकाने तिला हात केला. रियानेही केला.

"किती शहाणी आहे हो," दीपिका म्हणाली. "आमचं कार्टं असतं तर एव्हाना मीटिंग बंद पडली असती."

सगळे हसले. विश्वेशही हसला. मग कामाचं बोलणं सुरू झालं आणि लांबत गेलं. मध्ये एकदा पडद्याच्या कोपऱ्यात त्याला रिया दिसली. तोंड घट्ट मिटून ती ओढणीकडे बघत होती.

मीटिंग संपली. त्याने लॅपटॉप मिटला, आळस दिला आणि ओढणी सोडली.

"बाबा, आता रडू?"

तो वळला. रियाने पोटाशी धरलेला पाय पुढे केला. तळव्यात काटा रुतला होता आणि खाली गादीवर रक्त होतं. जाळ्यातून वाळूवर टाकलेल्या शिंगाळ्यावर तिचा पाय पडला होता. त्या माशाचा काटा लागला की पाय पेटल्यासारखा होतो. दर्यावर जन्म गेलेली माणसंही मोठ्याने ओरडतात.

विश्वेशने तिला उचललं आणि पळतच ओटीवर नेलं. रिया आता रडत होती. विमलाबाईंनी काटा उपटला, घंगाळात ऊन पाणी ओतलं आणि तिचा पाय त्यात धरून ठेवला.

"रड, बाय माझे, रड. किती वेळ धरून ऱ्हवलंस गो?"

रिया मोठ्याने रडत होती. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं. तिचा आवाज एवढा आहे, हे विश्वेश विसरला होता.

त्याच्या खिशात फोन वाजला.

रियाचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. ओठ मिटले. खांदे तेवढे हलत राहिले. विश्वेशने फोन कापला. तो पुन्हा वाजला. त्याने तो बंदच करून टाकला आणि उलटा करून जमिनीवर ठेवला.

"रड गो," विमलाबाई म्हणाल्या.

रियाने मान हलवली. "माझं झालं," ती कुजबुजली. "बाबा, तू घे फोन."

विश्वेश पायरीवर बसला. ओढणी अजून त्याच्या मुठीत होती. त्याने ती मांडीवर पसरली, घडी केली आणि विमलाबाईंच्या बाजूला ठेवली. मग त्याने समोर गाडीकडे पाहिलं.

"आई, शाळा इथून किती लांब आहे?"

विमलाबाईंनी वर पाहिलं नाही. रियाचा पाय त्यांनी पाण्यात तसाच दाबून धरला होता.

"त्या माडांच्या पलीकडे. मधल्या सुट्टीत पोरां अशी बोंबलतत, माका दुपारची झोप म्हणान नाय."