अंड्यांच्या ट्रेमधले रेशीमकिडे

उझबेकिस्तानातल्या मार्गिलानच्या बालवाडीत मोहिराचं शिक्षिका म्हणून हे पहिलंच वर्ष होतं. जिल्ह्याच्या प्रदर्शनात आपलाच वर्ग जावा, असं तिला फार वाटत होतं. मुलांनी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे कापून बावीस रेशीमकिडे केले होते. डोळ्यांना काळी मिरी लावली होती आणि अंगाला कापूस. खाली हिरव्या कागदाची बावीस तुतीची पानं होती.

आज सकाळी त्या पानांच्या कडा कुरतडलेल्या होत्या. कात्र्या काल तिनंच कपाटात कुलूपबंद केल्या होत्या. तिनं पानं मोजली. एकही सुटलं नव्हतं.

तेवढ्यात मुख्याध्यापिका सनोबर ओपा, म्हणजे सनोबरताई, पाहणीला आल्या.

"अगं, दातांच्या खुणासुद्धा? घरी खऱ्या किड्यांना खोल्या देऊन आम्ही महिनाभर अंगणात झोपतोय, पण तुझे त्यांच्याहून गुटगुटीत."

"सगळं मुलांनीच केलंय, ओपा," मोहिरा म्हणाली. अभिमानानं तिला कात्र्यांचा विसर पडला.

"मग तुझाच वर्ग प्रदर्शनाला जाणार." ओपांनी टेबलाशी कान नेला. "आणि हा आवाज! आमच्याकडे किडे पानं खातात तेव्हा असाच पावसासारखा येतो. टेप कुठं लपवलीस?"

मोहिरानं खिडकीबाहेर पाहिलं. कडक ऊन होतं. आवाज टेबलावरूनच येत होता.

पाच वर्षांची ओइदिन हिरव्या कागदाचा नवा ताव घेऊन पुढं आली.

"हळू बोला, ओपा," ती मान ताठ करून म्हणाली. "सगळ्यांत जास्त माझाच खातो."