सालीच्या कणगीतली पाच बोटं

सून ज्वारी चोरते ती चोरते, वर खूणही पुसत नाही, याचा कलुंदेला जास्त राग होता. झाडाची अख्खी साल वळवून शिवलेल्या कणगीत ती रोज संध्याकाळी ज्वारी तळहाताने सपाट करी, सालीचं झाकण घट्ट बसवी. सकाळी वर पाच बोटं उमटलेली असत.

"न्यामिझी, उगाली शिजवायला मी मापून देते ते पुरत नाही का? की ताबोऱ्याला माहेरी पोचवतेस?"

"आई, मी झाकणालासुद्धा हात लावला नाही."

"मग काय उंदराला पाच बोटं आली? ठेव हात त्या ठशावर. जुळला, तर आजच गाठोडं बांध."

न्यामिझीने रडत रडत हात आत घातला. तो ठशात बसेना. कलुंदेने तिला बाजूला सारलं आणि कोपऱ्यातल्या अंधारात स्वतः वाकून पाहिलं.

ज्वारी बोटांनी दबलेली नव्हती. पाच बोटांच्या आकारात ती खालून वर उचलली गेली होती. कलुंदेच्या डोळ्यांदेखत ती बोटं आणखी वर आली आणि त्यांच्यावरून दाणे दोन्ही बाजूंना ओघळू लागले.

तिने सुनेचं मनगट घट्ट धरलं.

"पोरी, तू चोर निघाली असतीस तर फार बरं झालं असतं."