एक घेतली जाईल

प्रार्थनाघरासमोर चपलांची रांग होती. माणूस एकही नव्हता.

हरिसिंग उंबऱ्यातच थबकला. आत पंखा गरगरत होता. सतरंजीवर पवित्र शास्त्रं उघडी पडली होती आणि त्यांची पानं आपोआप उलटत होती. ढोलकी आडवी झालेली. कोणाचातरी मोबाइल बराच वेळ वाजला आणि गप्प झाला. रविवारचे साडेअकरा. ही तर भर प्रार्थनेची वेळ.

तो तांड्यात शिरला. बारा घरं, बाराही ख्रिस्ती. दारं सताड उघडी. देवीलालच्या चुलीवर डाळ करपून धूर सोडत होती. एक बकरी घरात घुसून परातीतलं पीठ खात होती आणि तिला हाकलायला कोणी नव्हतं. एरवी हरिसिंगच्या काठीचा आवाज आला की कुत्री अंगावर येतात. आज कुत्रंही नव्हतं.

फुलसावंगीहून आत असलेल्या या तांड्यात चाळीस वर्षं शास्त्र सांगितलं ते हरिसिंगनं. देवीलालला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली तीही यानंच. तोच देवीलाल नागपूरला शिकून, पाळक होऊन आला आणि भलतंच बोलू लागला. प्रभू येईल तेव्हा आपल्या लोकांना असे उचलून नेईल, की चपला इथं आणि माणसं वर, म्हणे. शेतात दोघं असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल. ठेवला तो फसला.

हरिसिंग भर मंडळीत उठला होता. "मागचं वचन वाच न, बाबू. नोहाच्या वक्ताले महापूर आला, तवा कोण घेतल्या गेलं? पाण्यानं नेले ते. पापी होते ते, बुडाले. नोहा त जाग्यावर राह्यला. घेतला तो गेला, ठेवला तो तरला. असा अर्थ हाय त्याचा."

देवीलाल ऐकेना आणि हा मागं हटेना. पुढच्या प्रत्येक रविवारी हरिसिंग प्रार्थना सोडून सोयाबीन राखायला शेतात जाऊन बसू लागला. माणूस किती हट्टी असावा, ते भुरीबाईला विचारावं. पंचेचाळीस वर्षं तिनं हा हट्ट सांभाळला होता. आज सकाळीही केस विंचरता विंचरता तिनं विनवलं, "चला न आज. एकटीले कसंतरी लागते तिथं. अन् मले उचलून नेलं त तुमच्या भाकरीचं काय?"

"तुले नेलं त मी तुले बुडालेल्यायच्यातच धरीन," तो म्हणाला होता. गंमतच केली होती त्यानं. पण ती हसली नाही. चपला घालून निघून गेली.

शेतात त्याला ते बोलणं डाचत राहिलं. म्हणूनच तो आज लवकर परतला होता. तिच्याशेजारी जाऊन बसावं, दोन गाणी म्हणावी, एवढंच मनात होतं.

तो पुन्हा प्रार्थनाघरापाशी आला. रांगेत देवीलालचे काळे बूट होते. लेकरांच्या इवल्याशा चपला होत्या. आणि भिंतीला लागून भुरीबाईच्या चपला होत्या, एकीचा अंगठा त्यानंच तारेनं शिवलेला.

तो तिथंच मातीत बसला. म्हणजे पोरगं खरं सांगत होतं. सगळे गेले आणि चाळीस वर्षं शास्त्र सांगणारा तेवढा मागं राहिला. तो घाबरला. मग त्यानं त्या चपला उचलून छातीशी धरल्या आणि त्याला एकदम बरं वाटलं. भुरी तर गेली ना. तिला तर घेतलं ना. आपलं काय व्हायचं ते होवो. आयुष्यात पहिल्यांदाच आपण चुकलो याचा त्याला आनंद झाला.

तेवढ्यात टेकाडाच्या बाजूनं देवीलालची बायको विजयमाला धावत आली. पाय अनवाणी, लुगडं चिंब ओलं. ती बाज न्यायला आली होती. त्याला पाहून ती जागीच थिजली.

"काका," ती म्हणाली, "मावशी चहाले पाणी आणाले अनवाणीच विहिरीवर गेलती. दगडावरून पाय घसरला. आवाज आला तसे आम्ही सारे धावलो..."

टेकाडाखालची विहीर यंदा काठोकाठ भरली होती. अख्खा तांडा तिथं अनवाणी उभा होता. कुत्रीही तिथंच होती. हरिसिंग आला तशी वाट झाली. सगळ्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. पाण्यानं नेलेले कोण असतात, हे त्यांना यानंच शिकवलं होतं.

काठावर निजवलेल्या भुरीजवळ तो खाली बसला. पंच्यानं तिचं तोंड पुसलं. बरोबर आणलेल्या चपला तिच्या पायांत घातल्या. ते वचन त्याला पाठ होतं. त्यानं ते मनात पुन्हा म्हणून पाहिलं. अर्थ तोच निघत होता. तसूभरही हलत नव्हता.

"काका, प्रार्थना तुमीच करा," निथळत उभा असलेला देवीलाल कसाबसा म्हणाला. "माह्या तोंडून शब्द निघत नाही."

"तूच कर," हरिसिंग म्हणाला. मग साऱ्या तांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं सांगितलं, "म्हाताऱ्यानं वचन चुकीचं लावलं होतं. घेतली ते तरली. मागं ठेवला तो फसला."