आक्कांचा खरा चेहरा

आक्का सकाळपासून बेपत्ता होत्या. मिरजेच्या पोलीस चौकीत त्यांचा मुलगा अभिजात आपल्या कॅमेऱ्यातले चार हजार फोटो दाखवत होता. प्रत्येकात आक्का चाळिशीच्या, गोऱ्यापान आणि हसऱ्या होत्या.

“वय किती त्यांचं?” इन्स्पेक्टर तडवीबाईंनी विचारलं.

“अठ्ठ्याहत्तर. कॅमेरा आपोआप सुधारतो, मॅडम. सगळ्यात भारी मॉडेल आहे.”

“अहो, ही बाई जगातच नाही. शोधू कुणाला? एखादा न सुधारलेला द्या.”

“हल्लीच्या कॅमेऱ्यांत तशी सोयच नसते.”

शेवटी शेजारच्या मोमीनचाचांनी आपल्या जुनाट कॅमेऱ्यानं काढलेला फोटो आणला. त्यात आक्कांचा डावा डोळा तिरळा होता आणि गालावर भाजल्याचा डाग होता.

“डोळा बिघडवलात की, चाचा!” अभिजात म्हणाला.

“तुझ्या आईचा डोळा जन्मापासून तसाच आहे. तो नीट दिसावा म्हणून मी तासभर उन्हाची वाट बघत बसलो होतो. तू कधी बघितलंस तिच्याकडे?”

त्या फोटोवरून बसस्थानकातल्या एका कंडक्टरनं आक्कांना ओळखलं. त्या रडतच चौकीत आल्या.

“चाचा, कुठल्या कंपनीचा हो तुमचा कॅमेरा?” अभिजातनं विचारलं.

मोमीनचाचांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि आक्कांना पाणी दिलं.