पहिली काकडी

फुलीबाई अक्कलकुव्याच्या बाजारातून रिकामी पिशवी घेऊनच परतली. काकडीच्या ढिगापाशी तिला नवऱ्याच्या ऑफिसातले दोघे बाबू भेटले होते. नवी काकडी देवाला दाखवल्याशिवाय ती तोंडाला लावत नाही, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. एकाने काकडी हातात धरून, डोळे मिटून तिची नक्कल केली, दुसरा पोट धरून हसला.

हे ऐकून इंद्रसिंगचं डोकंच फिरलं. "माझ्या बायकोच्या देवाची टिंगल करतात? उद्याच साहेबांकडे लेखी तक्रार देतो," असं म्हणत तो कागद-पेन घेऊन बसलाही. सरळ अक्षरात अर्धं पान लिहून झाल्यावर त्याने विचारलं, "नक्कल करताना तो नेमकं काय बोलला? शब्द न शब्द सांग."

"आधी तू चाख, माय, मागून आम्ही," फुलीबाई म्हणाली. "तेही आपल्या बोलीत. त्याला आपली बोली येत नाही, तरी एक शब्द चुकला नाही."

इंद्रसिंगचा पेन थांबला. कान गरम झाले. कागदावरून मान वर करायचा त्याला धीर होईना.

फुलीबाईने पिशवीची घडी घातली आणि खुंटीला अडकवली.



"लिही ना," ती म्हणाली. "काकडीच्या वेलीपाशी मी हे पुटपुटते, तेव्हा पाण्याचा तांब्या धरून मागे तू एकटाच उभा असतोस."